ह्यांचा अर्ज

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार

सिस्टरांच्या मुलींच्या शाळेत शिपाई हवा आहे! एलादियोनं सकाळी टेबल मांडता मांडता सांगितलं. फाटक उघडायचं, घंटा द्यायची, बाकं-खिडक्या दुरुस्त करायच्या. फेब्रुवारीपासून, शाळेचं नवीन वर्ष सुरू होईल तेव्हा. वयाची अट नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं, माझ्याकडे न बघता. एकोणीस वर्षं आम्ही कोर्टासमोरच्या कमानीखाली शेजारी शेजारी बसून लोकांचे अर्ज टाइप करतो. त्याला आमच्या घरातलं सगळं माहीत असतं आणि जे माहीत नसतं ते तो विचारतो.

हे एप्रिलपासून घरी आहेत. ब्लँकेटच्या गिरणीला कुलूप लागलं, सव्वीस वर्षं संपली. वय चौपन्न. आमच्या तुन्हा गावात ह्या वयाच्या माणसाला आता कोण विचारतो? निम्मं गाव रिकामं बसलंय.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. बटाटे सोलत होते. "बघू," म्हणाले. ह्यांच्या "बघू"चा अर्थ एकोणतीस वर्षांच्या संसारात मला अजून लागलेला नाही.

६ ऑक्टोबर

कागदाच्या दुकानातून छापील फॉर्म आणला आणि भरला. शिक्षण – पाचवी. अनुभव – गिरणी, धागा विभाग, सव्वीस वर्षं. एका ओळीत बसलं, वर अर्धी ओळ उरली. ती उरलेली ओळ बघून मला कसंतरी झालं.

फोटोही काढून आलो, निळ्या पडद्यासमोर. फोटोत हे असे दिसतात की खाली "हरवले आहेत" छापायचंच बाकी आहे. मी हसले. हेही हसले थोडे.

आता सोबतचं पत्र. ते माझं रोजचं काम. वीस मिनिटं.

७ ऑक्टोबर

वीस मिनिटं नव्हेत. आज दिवसभर कागद मशीनमध्ये तसाच.

१० ऑक्टोबर, रविवार

टेलिफोन ऑफिसात जाऊन यानेथला फोन केला. लेक बोगोतात पुठ्ठ्याच्या कारखान्यात आहे, नोकरभरतीच्या खोलीत. येणारे अर्ज तीच फोडते. म्हटलं, सांग बाई, तुम्हा लोकांना काय आवडतं.

हसायला लागली. "आई, सगळं गाव तुझ्याकडून लिहून घेतं आणि तू मला विचारतेस?" मग धडाधड सांगितलं. दिवसाला शंभर पत्रं येतात. पहिल्या दोन ओळी वाचते, बरं वाटलं तर पुढं, नाहीतर टोपलीत. नमनाला घडाभर तेल घालू नकोस. ज्याला लिहितेस त्याचं नाव घाल, नुसतं "आदरणीय साहेब" नको. फॉर्ममध्ये आहे ते पुन्हा लिहू नकोस. त्यांना कशाची गरज आहे ते ओळख. एक पान, वर नाही. शेवटी पाया पडू नकोस.

"आणि 'प्रामाणिक, कष्टाळू, वक्तशीर' तर मुळीच नको. कागदावर सगळेच प्रामाणिक असतात. काय केलं ते सांग. बाबांनी काय केलं?"

"काय केलं म्हणजे? कामाला गेले, परत आले."

"तेच तर शोध ना," म्हणाली. मग म्हणे, तुम्ही दोघं अजून एकमेकांना अहो-जाहो करता हे मैत्रिणींना सांगितलं तर त्या खो खो हसल्या. हसू देत. बोगोताच्या पोरींना काय कळतंय.

प्रामाणिक, कष्टाळू, वक्तशीर. हे तीन शब्द माझी बोटं आपोआप टाइप करतात, मी गप्पा मारत असले तरी. रागच आला. लेकीचा नाही, बोटांचा.

१४ ऑक्टोबर

शाळेच्या नोकरीसाठी आज तीन जण माझ्या टेबलावर आले! आता त्यांना काय सांगू – की माझा नवराही त्याच रांगेत आहे, तुम्ही दुसरीकडे जा? गिऱ्हाईक आलं की लिहायचं, हा धंद्याचा नियम. लिहिलं. तिघंही प्रामाणिक, कष्टाळू आणि वक्तशीर, पडेल ते काम करायला तयार.

एलादियोकडे दोन आले. दुपारी कॉफी पिताना म्हणाला, "बेतुलियाबाई, आपण दोघं सगळं गाव एकाच साच्यातनं काढतोय. शाळेच्या मदर एदुविहेस वाचून वाचून पागल होणार." मग हळूच, "आणि तुम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय."

मी म्हटलं, तुम्ही तुमची कॉफी प्या.

१९ ऑक्टोबर

पत्र झालं. ह्यांना वाचून दाखवलं. "मी, खाली सही करणार, ओतोनिएल पिराबान, सर्व मान राखून आपणांस नम्र विनंती करतो की..." पूर्ण वाचलं. चांगलं ठसठशीत झालं होतं.

"चांगलंय," म्हणाले.

"मग करा सही."

पेन हातात घेतलं. कागदाकडे बघत राहिले. मग अगदी साधेपणानं विचारलं, "चांगला दिसतो हा माणूस. कोण आहे?"

टोमणा नव्हता तो. ह्यांना टोमणे मारता येत नाहीत. खरंच विचारत होते. मी भडकले – तुम्हीच, आणखी कोण! "असं होय," म्हणाले आणि पेन जागेवर ठेवून दिलं.

आता लिहिताना कळतंय, चूक त्यांची नव्हती.

२२ ऑक्टोबर

माझा भाऊ कुस्तोदियो येऊन गेला. नगरसेवकाच्या गाडीचा ड्रायव्हर आहे, त्यामुळे स्वतःला अर्धा नगरसेवक समजतो. "पत्रंबित्रं सोड. साहेबांचं कार्ड आणून देतो, मागं दोन ओळी लिहून. ह्या देशात वशिल्याशिवाय पान हलत नाही."

ह्यांनी त्याला गुळाचं गरम पाणी दिलं, चीज दिलं, त्याच्या बुटाचा निघालेला तळ चिकटवून दिला. कार्डाचं उत्तर दिलंच नाही. कुस्तोदियो जाताना मला म्हणाला, "तुझा नवरा माणूस आहे की भिंत?"

मी म्हटलं, भिंतच. पण छप्पर तिच्यावरच आहे ना?

मग वाटलं, हे मी ह्यांच्यासमोर का नाही म्हटलं?

२६ ऑक्टोबर

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एकोणीस वर्षांत किती नवऱ्यांबद्दल लिहिलं – सैन्यातून सुटलेले, तुरुंगातून सुटलेले, बायकोला सोडून गेलेले आणि परत यायला निघालेले. आपल्या माणसाबद्दल लिहायचं तर पान कोरं. म्हणून आता ठरवलंय – नुसतं बघायचं. गिऱ्हाइकाला विचारते तसं मनातल्या मनात विचारायचं, हा माणूस करतो काय.

आज पाचला जागी झाले पण उठले नाही. डोळे मिटून पडून राहिले. हे उठले. चूल पेटवली. मग माझं टाइपचं मशीन आणलं, चुलीजवळच्या स्टुलावर ठेवलं, वर फडकं. थोड्या वेळानं फडकं काढून मशीन दुसऱ्या बाजूनं फिरवलं, भाकरी उलटावी तसं. मग कॉफी. मग मला हाक.

रोज करतात का हे? नाष्ट्याला विचारलं. "कळा गारठतात ना," म्हणाले. केव्हापासून? अंड्याच्या कढणात पाव बुडवत म्हणाले, "तुम्ही मशीन घेतलं तेव्हापासून."

एकोणीस वर्षं! एलादियो रोज सकाळी कळांवर फुंकर मारत बसतो, शिव्या देतो. मी त्याला सांगत आले की माझं मशीन चांगल्या जातीचं आहे.

२९ ऑक्टोबर

आज ग्रासिलियानो नावाचा एक जण आला. एकतीस वर्षांचा, गवंडीकाम करायचा, बांधकामं थांबलीत. बायकोला आठवा महिना. टोपी हातात, बसायला तयार नाही. शाळेचीच नोकरी.

यानेथनं शिकवलं तसं विचारलं – तुम्ही काय केलंत ते सांगा. आधी काहीच सुचेना त्याला. मग म्हणाला, मागच्या वर्षी ओढ्याला पाणी आलं तेव्हा आमच्या वाडीतल्या शाळेची बाकं मी एकेक करून चर्चच्या माळ्यावर नेली. "सत्तावीस होती. बत्तीस असायला हवी होती, पाच वाहून गेली." त्या पाचांचं त्याला अजून वाईट वाटत होतं.

मी तेवढंच लिहिलं. पाच बाकांसकट. मदरचं नाव घातलं. पाऊण पान झालं. मशीनमधून कागद ओढून वाचला – पत्र चांगलं झालंय. फार चांगलं. ह्यांचं तर अजून झालंच नाही.

खरं लिहायचं तर क्षणभर मनात आलं – एखादं वाक्य ढिलं केलं तर कुणाला कळणार आहे? केलं नाही. चांगुलपणानं नव्हे. माझ्या मशीनमधून वाईट पत्र बाहेर पडलेलं मला सोसत नाही.

जाताना तो म्हणाला, "बाई, हे मीच आहे."

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सासूबाईंच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेलो. मी प्रार्थना म्हटली, डोळे उघडले तर हे शेजारी नाहीत. चार ओळी पलीकडे, कुणाच्या तरी कललेल्या क्रुसाशी वाकलेले. दगड लावून, टाचेनं ठोकून सरळ करत होते. विचारलं, ओळखीचे होते? "नाही. कललेला होता."

कधीकधी ह्या माणसाला कडकडून मिठी मारावीशी वाटते. पण स्मशानात सगळी गल्ली जमली होती, म्हणून नुसती ह्यांच्या अंगावरच्या लोकरी रुआनाची माती झटकली.

५ नोव्हेंबर

झालं पत्र!

आज एलादियो नोटरीकडे गेला होता, टेबलाला टेबल लागून कुणी नव्हतं. कागद घातला आणि बोटं चालू लागली. ह्यांच्या नावानं लिहिलंच नाही. माझ्या नावानं लिहिलं. जे गिऱ्हाइकांना कधी करू देत नाही तेच केलं – नातेवाइकाची शिफारस! "घरचं माणूस चांगलंच म्हणणार, कुणी वाचत नाही ते," हे मीच सांगत आले.

सुरुवात अशी केली: "मदर एदुविहेस, हे पत्र अर्जदारानं लिहिलेलं नाही. मी त्यांची बायको. नातेवाइकाचा शब्द तुम्ही धरत नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणालाच हे माहीत नाही."

मग मशीनचं लिहिलं. "इथल्या पहाटे लोखंड एवढं गार पडतं की टाइप करणाऱ्यांच्या कळा अडकतात. माझी एकोणीस वर्षांत एकही कळ अडकली नाही. मला वाटायचं, मशीन चांगलं आहे."

क्रुसाचं लिहिलं. आमच्या गल्लीत कुणाचंच दार करकरत नाही, हेही लिहिलं. कुणाच्या बिजागरीत हे कधी तेल सोडून येतात ते त्या लोकांना ठाऊक नाही, मला आत्ता ठाऊक झालं. आणि मग – "तुमचं फाटक ते वेळेवर उघडतील असं मी म्हणत नाही. ते कधीकाळी अडायचं हेच तुम्ही विसरून जाल."

शेवट: "हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यांनाही नाही."

कार्बन लावला नाही. प्रत ठेवली तर एलादियोच्या हाती लागेल, मग कोर्टासमोरच्या प्रत्येकाला पाठ होईल. एकच कागद. सही करताना मान वर करून बघितलं, कुणी पाहत तर नाही.

७ नोव्हेंबर, रविवार

पत्र ह्यांच्या हातात दिलं. चष्मा घेतला आणि मागच्या अंगणात गेले. धुण्याच्या दगडावर बसून वाचत होते. मी खिडकीतून बघत होते. एक पान वाचायला एवढा वेळ? दोन्ही बाजू उलटून पाहिल्या, मागं काहीच नव्हतं.

आत आले. "सही तुमची आहे."

"हो."

"बरं."

बस्स! मूग गिळून बटाटे सोलायला बसले. एक "छान" म्हणायला काय जात होतं? मी भांडी जरा जोरातच घासली. नंतर कोट चढवून बाहेर गेले आणि कागदाच्या दुकानातून प्लास्टिकचं पाकीट घेऊन आले, जाडसं, पत्र ठेवायला. दिवस पावसाचे आहेत, म्हटलं बरं केलं.

८ नोव्हेंबर

पांढरा शर्ट, दाढी, केसांना पाणी. सकाळी शाळेत जाऊन आले. "दिलंत?" "फॉर्म दिला. शिक्का मारून घेतला." शिक्क्याची चिठ्ठी दाखवली. मदर भेटल्या? नाही, खिडकीवर दुसरी सिस्टर होती.

आज फार हलकं वाटतंय.

१२ नोव्हेंबर

मुदत संपली. एकूण एकतीस अर्ज, एलादियोची बातमी. त्यातले नऊ माझ्या हातचे. दहावा आमचा.

१६ नोव्हेंबर

मी मूर्ख आहे. दिवसातून तीनदा कल्पना करते – मदर पत्र उघडतात, वाचतात, दुसऱ्या सिस्टरला हाक मारतात, "हे बघ गं." आज टाइप करताना एका गिऱ्हाइकाच्या जमिनीच्या कागदात "फाटक" लिहून बसले.

हे रोज शाळेवरून फिरून येतात. विचारलं तर म्हणाले, "ते फाटक खरंच अडतं. वरची बिजागरी गेलीय." म्हणजे ह्यांनाही हवी आहे ती नोकरी. तोंडानं बोलणार नाहीत, पण बिजागरी बघून आले.

१९ नोव्हेंबर

चौघांना मुलाखतीला बोलावलं. ह्यांना नाही.

अजून काही सांगता येत नाही. कदाचित दोन दिवसांत बोलावतील उरलेल्यांना.

२६ नोव्हेंबर

फाटकावर नाव लागलं. ग्रासिलियानो.

एलादियोनं येऊन सांगितलं, मग बराच वेळ उगाच मशीनची फीत बदलत बसला, बदलायची नव्हती तरी. मला चांगलं वाटायला हवं – लायक माणूस, बाळ येणार आहे. वाटलंही. पण आधी दुसरंच वाटलं, ते इथं लिहीत नाही.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "बरं झालं. त्याला गरज होती." मग अंगणात गेले ते काळोख पडेपर्यंत आलेच नाहीत.

२७ नोव्हेंबर

ग्रासिलियानो आला होता टेबलापाशी. चीजचे गरम गोल पाव टोपलीभर, आईनं भाजलेले. बायकोला मुलगी झाली, परवा. "बाई, मदरनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, बाकीची सगळी एकाच माणसानं लिहिल्यासारखी होती, हे एकच वेगळं. पाच बाकांबद्दल विचारलं मला. तुमच्यामुळं झालं हे."

हे एकच वेगळं!

म्हणजे माझं दुसरं पत्र त्यांना वेगळंही वाटलं नाही. की वाचलंच नाही – बायकोचं आहे म्हटल्यावर बाजूला टाकलं. मीच सांगते ना लोकांना, घरच्याची शिफारस नको? हात दाखवून अवलक्षण. ह्यांच्या नावानं साधं-सरळ लिहिलं असतं, मशीनचं, क्रुसाचं, बिजागरीचं – तर? परक्यासाठी नियमानं लिहिलं आणि त्याचं भलं झालं. आपल्या माणसासाठी मन मोकळं केलं आणि त्याची नोकरी घालवली.

पाव घरी आणले. हे दोन खाऊन म्हणाले, चांगले झालेत. मला एक गिळेना.

३० नोव्हेंबर

आज दोघांना परत पाठवलं. नोकरीचे अर्ज मी आता लिहीत नाही, शेजारी जा म्हटलं. भाडेकरार लिहीन, तक्रारी लिहीन, हरवलेल्या ओळखपत्राचे कागद लिहीन. ज्यात कुणाचं नशीब नाही ते.

एलादियो ओरडला माझ्यावर. "एका पत्रानं काय होतंय, बेतुलियाबाई! वकील खटला हरतात तर कोट जाळतात का?" त्यानं घरी येऊन ह्यांना सांगितलं असणार, कारण हे संध्याकाळपासून माझ्याकडे चोरून बघताहेत.

६ डिसेंबर

एलादियोनं नवीन खबर आणली. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात माणूस हवाय, बॉयलर आणि मोठ्या मशिनांवर. गिरणीतला माणूस असेल तर बरं, असं म्हणताहेत! दहा तारखेच्या आत अर्ज. मी एलादियोला म्हटलं, तुम्ही लिहा ह्यांचं. मी नाही. माझ्या हाताला गुण नाही.

तो कागद घेऊन घरी आला, ह्यांना विचारायला लागला – काय काय चालवलंत, किती वर्षं. ह्यांनी त्याला कॉफी दिली आणि म्हणाले, "एलादियो, राग मानू नका. माझं हीच लिहील."

"हिनं सोडलंय," मी आतून म्हटलं.

एलादियो कॉफी संपवून गेला.

७ डिसेंबर

मेणबत्त्यांची संध्याकाळ. सगळी गल्ली दारात, फुटपाथवर रांगांनी मेणबत्त्या, रंगीत कागदांचे कंदील. दर मेणबत्तीला एक मागणं मागायचं. हे वाकून लावत होते, मी वाऱ्याला रुआना धरून आडोसा करत होते. पलीकडे मुलं गाणी म्हणत होती.

सहाव्या की सातव्या मेणबत्तीला मी म्हटलं, "अहो, मला माफ करा. माझ्या पत्रानं तुमची नोकरी गेली."

ह्यांच्या हातातली काडी विझली. माझ्याकडे बघितलं, ते काही बरं बघणं नव्हतं, धाकट्या पोरानं काहीतरी फोडलंय आणि सांगायचं राहिलंय तसं. "पत्रानं नाही गेली," म्हणाले. मी विचारलं, मग कशानं? समोरून शेजारीण आली फराळ घेऊन, बोलणं राहिलं. नंतर विचारलं तर म्हणाले, उद्या.

ह्यांचं "उद्या" मला "बघू"पेक्षा भीतीदायक वाटतं. काय असेल? मदरनी काही वाईट म्हटलं असेल का पत्राबद्दल?

८ डिसेंबर

चर्चहून आलो. ह्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. आत माझं पत्र. घड्यांवर मऊ पडलेलं.

दिलंच नव्हतं! खिडकीवर नुसता फॉर्म सरकवला आणि परत आले. महिना झाला, खिशात घेऊन फिरताहेत.

मी ओरडले. नोकरी गेली, अहो, नोकरी! इथं माझं मन मला खात होतं! हे सगळं ऐकत उभे राहिले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "दिलं असतं तर त्यांनी ठेवून घेतलं असतं."

मी खुर्ची ओढून बसले.

ह्यांनी पाकीट उचललं, पुन्हा आतल्या खिशात घातलं, वरून हात फिरवला. "हे माझं आहे. हॉस्पिटलात द्यायला दुसरं एखादं लिहा. साधंसं."